एचआयव्ही उपचारांनंतर प्रतिकारशक्ती कशी सावरते?

बारामती : एचआयव्हीबाधितांना शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी औषधे देण्यास देशात १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. पहिल्या आठ केंद्रांमध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. त्या सुमारास तिशी-पस्तिशीत औषधे सुरू केलेले रुग्ण आता पन्नाशीच्या घरात पोहोचले आहेत. अकाली मृत्यू टळला. पण पुढील आयुष्य कितपत निरोगी असेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे. बारामती आणि इंदापूर या ऊसपट्ट्यातील तालुक्यांत त्याचे उत्तर गोळीइतकेच नियमिततेवर आणि वेळच्या वेळी होणाऱ्या तपासण्यांवर अवलंबून आहे.

सीडी-४ पेशींची घट आणि वाढ

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर घनमिलिमीटरमागे या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली गेल्यास क्षयरोग, न्यूमोनिया, बुरशीजन्य मेंदूज्वर यांसारखे संधिसाधू आजार बळावतात.

औषधे विषाणूची वाढ रोखतात. त्याचा मारा थांबला की शरीराला नव्या पेशी तयार करण्यास अवसर मिळतो. आरंभी लसिका ग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परततात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत संख्या झपाट्याने वाढते. पहिल्या वर्षातील वाढ बहुधा ५० ते १५० असते. त्यानंतरची भर थायमस ग्रंथीतून येणाऱ्या नव्या पेशींची असून तिचा वेग मंद असतो. ही ग्रंथी वयोमानानुसार आक्रसते. म्हणूनच उशिरा, उतारवयात उपचार सुरू झाल्यास प्रतिकारशक्ती पूर्णपणे भरून येतेच असे नाही. विषाणू पूर्ण आटोक्यात असूनही काहींच्या पेशी कमीच राहतात.

सन २००४ मध्ये प्रामुख्याने सीडी-४ ची संख्या २०० च्या खाली गेलेल्यांनाच औषधे दिली जात. ३५ देशांतील ४,६८५ रुग्णांवर झालेल्या ‘स्टार्ट’ चाचणीने २०१५ मध्ये दाखवून दिले, की पेशी ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार व मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. भारताने २०१७ मध्ये निदान होताच प्रत्येकाला औषधे देण्याचे धोरण स्वीकारले.

उपचारांच्या पहिल्या महिन्यांत मात्र सावध राहावे लागते. जागी झालेली प्रतिकारशक्ती शरीरात दडलेल्या क्षयरोगावर तुटून पडते आणि ताप, गाठी, धाप अशी लक्षणे एकाएकी उद्भवतात. गोळ्या ‘सोसल्या नाहीत’ असा समज करून घेऊन त्या स्वतःहून बंद करणे घातक ठरते. अशा वेळी तातडीने केंद्रातील डॉक्टरांना भेटावे.

हृदय, मूत्रपिंड आणि हाडे

औषधांनी विषाणू समूळ नष्ट होत नाही. तो काही पेशींत सुप्तावस्थेत राहतो आणि शरीरात सौम्य दाह सुरूच असतो. त्यातून हृदयविकाराचा धोका वाढतो. १२ देशांतील ७,७६९ रुग्णांचा समावेश असलेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील गोळीने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे त्यात आढळले.

सुरुवातीच्या काळातील स्टॅव्ह्युडिन या औषधाने गाल बसणे, पायांना मुंग्या येणे असे त्रास होत. ते मागे पडले. सध्याच्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांच्या एकत्रित गोळीचे दुष्परिणाम तुलनेने कमी आहेत. तरीही टेनोफोव्हिरमुळे काहींच्या मूत्रपिंडावर व हाडांवर परिणाम होतो, तर डोल्युटेग्राव्हिरमुळे वजन वाढू शकते. स्त्रियांसाठी आणखी एक तपासणी अत्यावश्यक आहे. एचआयव्हीबाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो.

ऊसपट्ट्यातील अडचणी

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात बीडसह अन्य भागांतून ऊसतोड मजूर येथे येतात. बाधित मजुराच्या दृष्टीने हे स्थलांतर जोखमीचे असते. गाव सुटले की नेहमीचे केंद्र दुरावते, गोळ्या संपतात आणि खंड पडतो. खंडाच्या काळात विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधांना दाद न देण्याची शक्यता निर्माण होते. निघण्यापूर्वी आपल्या केंद्राला कळवून अधिक मुदतीच्या गोळ्या किंवा जवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी मागून घ्यावी.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातला. दिवसभर उन्हात कोयता चालविल्यानंतर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. शरीरातील पाणी कमी झालेले असताना टेनोफोव्हिरसोबत त्या वारंवार घेतल्यास मूत्रपिंड निकामी होण्याची भीती असते. आम्लपित्तावरील औषधे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्यादेखील डोल्युटेग्राव्हिरचे शोषण घटवतात. त्यांच्यात किती अंतर ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारावे.

पुण्याहून बारामती सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूर त्याहून दूर आहे. त्यामुळे रक्तदाब, रक्तशर्करा, क्रिॲटिनिन यांसारख्या साध्या तपासण्या तालुक्यातच उरकणे सोयीचे ठरते. विषाणूभाराची तपासणी केंद्राने दिलेल्या तारखेस करावी, तंबाखू सोडावी आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी.

लोक काय म्हणतील, या भीतीने अनेक जण तालुक्यातील दवाखान्यात आपला आजार सांगत नाहीत. परिणामी मधुमेह किंवा क्षयरोगाची औषधे एआरटीशी मेळ न घालता दिली जातात. रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरील औषध सुरू असल्यास डोल्युटेग्राव्हिरची मात्रा वाढवावी लागते, तर मधुमेहावरील मेटफॉर्मिनची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने बाधितांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले असून उपचार व नोकरीतील भेदभावास मनाई केली आहे. १०९७ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवरही माहिती मिळते. तपासणाऱ्या डॉक्टरांना आपल्या सर्व गोळ्यांची नावे सांगणे, हीच रुग्णाने घ्यावयाची पहिली दक्षता होय.