असईच्या तोफांत कोणती दारू होती?

‘मराठ्यांची दारू निकृष्ट होती, म्हणून ते इंग्रजांपुढे हरले.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. भाषणात, गडावरच्या गप्पांत, कधी कधी चक्क शोधनिबंधाच्या प्रस्तावनेतही. इतिहासात संशोधन करायचं मनात असेल तर अशी वाक्यं सोडून देऊ नका. ती चुकीची आहेत म्हणून नव्हे. ती तपासता येतील अशा रूपात मांडलेलीच नसतात म्हणून. ‘निकृष्ट’ म्हणजे कशासाठी निकृष्ट? तोफेसाठी, बंदुकीसाठी, की बत्ती देण्यासाठी? कारण दारू ही एक वस्तू नाही.

ही गोष्ट आजच्या नेमबाजाला चांगली ठाऊक असते. रायफलचं रिकामं काडतूस पुन्हा भरायला शिकणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो कोणती दारू घ्यायची हाच. (आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे हे काम परवान्याशिवाय करता येत नाही, ते वेगळं.) पिस्तुलाची दारू भरकन जळते. लांब नळीच्या आणि जड गोळीच्या रायफलला सावकाश जळणारी लागते. म्हणून तो कारखान्याच्या छापील तक्त्यात आपली रायफल आणि आपली गोळी शोधतो आणि तिथे दिलेलीच दारू घेतो. ‘सगळ्यात जोरदार कोणती?’ हा प्रश्नच तिथे गैरलागू असतो. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं धूर न करणारी दारू तयार केली, तेव्हापासून रसायन बदललं. पण दारूच्या जळण्याचा वेग नळीला मानवला पाहिजे, हे सूत्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

आधीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोऱ्याचा वाटा साधारण तीन चतुर्थांश. पण हे मिश्रण नुसतं दळून ठेवलं की भुकटी होते, आणि भुकटी बेभरवशाची. घरी भुशाची शेगडी पाहिली असेल तर लगेच कळेल. भुसा ठासून भरला की तासन्‌तास धुमसत राहतो, कारण आत हवेला आणि ज्वाळेला वाट नसते. त्याच लाकडाच्या ढलप्या मात्र क्षणात भडकतात. शिवाय गाड्यांवर हादरे खात गेलेल्या भुकटीत जड-हलके घटक वेगळे होतात आणि ती ओलही पटकन धरते. यावर उपाय म्हणजे मिश्रण ओलसर करून दाबायचं, त्याचे दाणे पाडायचे आणि चाळणीनं लहान-मोठे निवडायचे.

खरी निवड इथे सुरू होते. खडीसाखर आणि बारीक साखर एकाच वेळी पाण्यात टाकून बघा, बारीक आधी विरघळते. दाण्यांचंही तसंच. बारीक दाणा लवकर जळतो, जाड दाणा सावकाश. मोठ्या तोफेत बारीक दाणा भरला तर गोळा हलायच्या आतच दाब चढतो आणि तोफ फुटून गोलंदाजच मरतो. उलट बंदुकीत जाड दाणा भरला तर गोळी बाहेर पडली तरी निम्मी दारू जळायचीच असते. म्हणून तोफेला जाड, बंदुकीला मध्यम आणि कानात घालायच्या रंजकेला सगळ्यात बारीक.

बरं, मग शिपाई दोन दोन दारू घेऊन फिरायचा का? तोड्याची बंदूक वापरणारा फिरायचा. बारीक रंजकेसाठी त्याच्याकडे वेगळी रंजकदाणी असे. हस्तिदंती, हरणांची नक्षी असलेल्या मुघल रंजकदाण्या संग्रहालयांत दिसतात, त्या याच कामाच्या. कवायती पलटणीतल्या चकमकीच्या बंदुकीवाल्याचं तसं नव्हतं. त्याच्या कागदी काडतुसात गोळी आणि दारू एकत्र. कागद दातांनी फाडायचा, त्यातली चिमूटभर रंजकेला आणि उरलेली नळीत. म्हणजे एकाच दारूनं दोन्ही कामं करायची. वेग मिळवायचा तर अशी तडजोड आली. दौलतराव शिंद्यांकडे १८०३ साली ही दोन्ही प्रकारची माणसं होती, म्हणून त्यांच्या फौजेबद्दल बोलताना ‘दारू’ हा शब्द एकवचनी वापरणं धोक्याचं आहे.

आता असई. जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबातलं हे गाव. सप्टेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि वेगवेगळ्या वाटांनी निघाले. २३ तारखेला वेलस्लीची गाठ एकट्यानंच शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी पडली. शिंद्यांच्या पायदळाचा मुख्य पोलमान हा हॅनोव्हरचा. पलटणींची घडी द बॉईन्यनं बसवलेली, आणि तोफा ओतण्याचा त्याचा कारखाना आग्र्याला. लढाई इंग्रजांनी जिंकली. मात्र त्यांचे ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ माणसं कामी आली. ७४वी हायलँडर पलटण चुकून असई गावाच्या दिशेनं सरकली आणि तोफांनी तिची चाळण झाली.

तुम्ही म्हणाल, झालं की मग! इतकी माणसं पडली म्हणजे दारू उत्तमच होती. थांबा. ७४वीवरचा मारा जवळून होता, आणि तोही छऱ्यांचा. इतक्या जवळून छरे उडवायला सामान्य दारूही पुरते. तेव्हा या पुराव्यावरून गोलंदाजांचं धैर्य दिसतं, दारूची प्रत नाही. प्रत कळायची असेल तर लांबचा मारा बघायला हवा. तसा एक प्रसंग नोंदला गेला आहे. समोरासमोर दोन गावं दिसली म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क करून वेलस्ली केळणा ओलांडत होता. तेव्हाच त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं उडालं. इथे छरे नव्हते, भरीव गोळा होता, आणि फौजा अजून भिडल्याही नव्हत्या. एका गोळ्यावरून सिद्धान्त मांडू नये हे खरं. पण ७४वीच्या शेकडो माणसांपेक्षा हा एकटा स्वार आपल्या प्रश्नाच्या जास्त कामाचा साक्षीदार आहे. पुराव्याचं वजन त्याच्या आकड्यावर ठरत नाही, तो कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो यावर ठरतं.

वेलस्लीच्या पत्रात हाती लागलेल्या तोफा नीट मोजलेल्या आहेत, ९८. दारूगोळ्यासाठी मात्र ‘मोठा साठा’ अशा अर्थाचे मोघम शब्द. विजेता तोफा मोजतो, कारण त्या मिरवता येतात. मराठ्यांच्या तोफखान्याला कमी लेखू नये, असं रँडॉल्फ कूपर या अभ्यासकानं या मोहिमेवर लिहिताना ठासून सांगितलं आहे, आणि मला ते पटतं. पण तोफ चांगली होती यावरून दारू चांगली होती असं ठरत नाही. धातूचं काम आणि चाळणीचं काम हे वेगळे धंदे आहेत.

मालाकडून बघितलं तर? बिहारच्या सोऱ्याचा मक्ता १७५८ पासून कंपनीकडे होता हे खरं, पण सोरा शिंद्यांच्या ताब्यातल्या आग्रा-दोआबातही निघत असे. कोळशाचं म्हणाल तर आपल्याकडे तुराट्यांचा आणि रुईच्या लाकडाचा हलका कोळसा दारूसाठी वापरत. मराठवाड्यातल्या वाचकाला तुराट्या कशा भसकन पेटतात हे सांगायला नकोच. तेव्हा कच्चा माल नव्हता म्हणून दारू वाईट, हा तर्क टिकत नाही.

पारखण्याचं काय? पांढऱ्या कागदावर चिमूट जाळायची. डाग राहिला तर दारू वाईट. ही जुनी रीत. आकड्यात मोजण्याची रीत इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सनं आणली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी मारून तो किती झोके घेतो यावरून त्यानं गोळीचा वेग काढला आणि १७४२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. हाच रॉबिन्स पुढे कंपनीचा इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळ फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. कंपनीनं बंगालमध्ये इछापूरला दारूचा कारखाना १७८७ साली सुरू केला. माझा कल असा आहे की दोन बाजूंतला फरक शोधायचाच असेल तर तो दारूच्या जोरात न शोधता एकसारखेपणात शोधावा. आजचं पिंप आणि गेल्या महिन्याचं पिंप सारखंच जळतं का?

दारू जपायची अक्कल मात्र आपल्याकडे जुनी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांपासून दूर असावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं दारू बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं बजावलं आहे. किल्ल्यावर हे जमतं. भोकरदन-जाफराबादच्या काळ्या रानात, सप्टेंबरात, छावणी हलवत असताना किती जमत असेल, याचा विचार करा.

मोडी कागद वाचायला बसाल तेव्हा ‘दारू’ शब्दाशी थोडा वेळ थांबा. फारसीत त्याचा अर्थ औषध. मराठीत तो पिण्याची, बंदुकीची आणि दिवाळीतली शोभेची अशा तिन्हींना चालतो. शेजारी शिसं, गंधक, बाण आले की बंदुकीची हे उघड आहे. त्यापुढे एक पायरी आहे. यादीत ‘दारू’ आणि ‘रंजक’ वेगवेगळ्या ओळींवर, वेगवेगळ्या वजनांनी लिहिलेली आहेत का, ते बघा. तशी असतील, तर त्या दारूखान्यात कुणीतरी चाळणी घेऊन बसत होतं.