भंगारातून वसविलेले गाव

फाळणीच्या इतिहासाची साधने कोणती, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही सवयीने रॅडक्लिफचा निवाडा, पुनर्वसन खात्याचे अहवाल, निर्वासितांच्या आठवणी अशी नावे घेऊ. त्या यादीत एखादी बाग घालावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु चंडीगडच्या उत्तर टोकास, उच्च न्यायालय आणि सुखना तलाव यांच्या मधल्या झाडीत जी ‘रॉक गार्डन’ आहे, ती आम्हांला या इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन वाटते. अहवालात किती घरे गेली तो आकडा सापडतो. गेलेले घर मनात कसे राहते, हे मात्र या बागेत डोळ्यांनी पाहावयास मिळते.

गुरुदासपूर जिल्ह्याच्या चार तहसिली होत्या. १७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याचा सोहळा होऊन गेल्यावर, सीमेचा निवाडा प्रसिद्ध झाला. तेव्हा तीन तहसिली भारतात राहिल्या आणि रावीपलीकडची शकरगढ पाकिस्तानात गेली. त्या शकरगढ तहसिलीतले बेरियां कलां हे गाव. तेथे १५ डिसेंबर १९२४ रोजी नेक चंद सैनी यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे; आईच्या तोंडून ऐकलेल्या राजाराण्यांच्या गोष्टी एवढेच काय ते कलेचे शिक्षण. नकाशावरची ती रेघ पडली आणि या कुटुंबालाही इतर लाखोंप्रमाणे चालू लागावे लागले.

आता दुसरा धागा घेऊ. लाहोर गेल्यामुळे भारताकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी जागा ठरली. अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी पहिला आराखडा केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान-अपघातात गेले आणि काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. या राजधानीची कीर्ती जगभर झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. पण ती मोकळ्या माळावर उभी राहिली असा जो समज आहे, तो खरा नाही. तेथे नांदती गावे होती. दोन डझनांच्या आसपास गावे टप्प्याटप्प्याने उठविली गेली. घरे, विहिरी, आमराया सरकारने ताब्यात घेतल्या. घर हरवलेल्या प्रांताला राजधानी हवी, म्हणून आणखी काही हजार माणसांची घरे गेली. ही गोष्ट चंडीगडवरच्या देखण्या ग्रंथांत आढळते, पण बहुधा एका ओळीत.

त्या नव्या शहराच्या बांधकामावर १९५१ च्या सुमारास नेक चंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक म्हणून लागले. रस्ता पुढे सरके तसतशी मोडलेल्या गावांची मढी त्यांच्या नजरेखालून जात. फुटकी मडकी, कौले, बांगड्यांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे यांचे ढीग पडत. त्यांत नव्या शहराचा कचराही मिसळे. डांबराची रिकामी पिंपे, फुटके चिनी मातीचे सामान, विजेच्या खटक्यांचे तुकडे, जळून घट्ट झालेली भट्टीची खंगरे. दिवसा नोकरी करावी आणि संध्याकाळी सायकलवर हा माल लादून जंगलात न्यावा, असा क्रम १९५७-५८ पासून सुरू झाला. नद्यांच्या कोरड्या पात्रांतून माणसाच्या, पशुपक्ष्यांच्या आकाराचे दगडही ते वेचून आणीत. जागा सरकारी वनाची होती, आणि तेथे वीटही रचण्यास कायद्याची बंदी होती. म्हणून काम गुपचूप व बरेचसे रात्री चाले, आणि उजेडाला जुने टायर जाळावे लागत.

आपल्या भाषेत ‘भंगार’ आणि ‘अडगळ’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांत भेद आहे. भंगार विकून टाकावयाचे असते. अडगळ उपयोगाची नसते, तरी टाकवत नाही. माळ्यावर पडून राहते, कारण तिच्याशी कोणाचे तरी नाते असते. नेक चंद यांनी सरकारच्या लेखी जे भंगार होते त्याला अडगळीचा मान दिला, असे आम्हांस वाटते.

त्यांची पद्धत साधी होती. सळई, तार किंवा सायकलीचा सांगाडा आत घालावयाचा, त्यावर सिमेंट-वाळूचा लेप द्यावयाचा, आणि लेप ओला असतानाच वरून बांगड्यांचे, बशांचे तुकडे टोचावयाचे. अशा शेकडो मूर्ती झाल्या. नाचणाऱ्या बायका, पाणी वाहणाऱ्या बायका, शिपाई, माकडे, मोर. त्या एकेकट्या उभ्या नाहीत, रांगांनी व घोळक्यांनी आहेत. एखाद्या गावच्या जत्रेला अख्खे गाव लोटावे तशा. चेहरे मात्र जवळजवळ सारखे, आणि कोठेच हसू नाही. बागेतली दारे मुद्दाम ठेंगणी ठेवली आहेत. आत शिरताना कोणीही असो, मान लववावी लागते. कॉर्ब्युझिए यांच्या शहरात रस्ते सरळ आणि दृष्टी दूरवर पोचणारी. येथे पुढचे वळण काय दाखवील ते कळत नाही. पंजाबी खेड्याची गल्ली अशीच असते. पुढे विस्तारात लहान लहान घरांचे एक गावच डोंगरउतारावर बसविले गेले. त्या घरांत राहता येत नाही. ती पाहण्यापुरतीच आहेत.

विसाव्या शतकात हे करणारा हा एकटाच माणूस नव्हे. जर्मनीत हानोफर येथे कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने १९२३ च्या सुमारास आपल्या राहत्या घरातच असा उद्योग मांडला होता. रस्त्यावरची तिकिटे, वर्तमानपत्रांचे कपटे, लाकडाचे ढलपे, मित्रांच्या लहानसहान वस्तू यांची रचना भिंतींवरून वाढत वाढत तिने खोल्या व्यापल्या. आपल्या सर्व कलेला त्याने ‘मेर्त्स’ हे नाव दिले होते, तेही एका बँकेच्या जाहिरातीतून फाटून आलेल्या ‘कोमेर्त्स’ या शब्दाचे शेपूट! पहिल्या महायुद्धानंतर सारेच मोडले आहे, तेव्हा नवे करावयाचे ते तुकड्यांतूनच, असे त्याचे म्हणणे होते. नाझी राजवटीत जानेवारी १९३७ मध्ये त्याला नॉर्वे गाठावे लागले. तेथे ऑस्लोजवळ त्याने पुन्हा तसेच घर आरंभिले. १९४० साली जर्मन सैन्य तेथेही आले आणि तो ब्रिटनला पळाला, तर इंग्रजांनी शत्रुदेशीय म्हणून त्याला मॅन बेटावरच्या छावणीत कोंडले. हानोफरचे घर ऑक्टोबर १९४३ च्या बाँबवर्षावात गेले. ऑस्लोजवळचे १९५१ साली आगीत गेले. इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातल्या एका गोठ्यात त्याने १९४७ साली तिसऱ्यांदा हात घातला. एक भिंत काय ती होत आली, आणि ८ जानेवारी १९४८ रोजी तो वारला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाले ते आदल्या दिवशी. ती भिंत १९६५ साली उचलून न्यूकॅसलच्या विद्यापीठात नेली आहे.

श्विटर्स शिकलेला कलावंत होता आणि त्याच्या भाषेत बोलणारे मित्र युरोपभर होते. नेक चंद यांना चित्रशाळा ठाऊक नव्हती, आणि त्यांनी श्विटर्सचे काम पाहिले असेल असे मानण्यास काही आधार नाही. तरी ज्याचे घर इतिहासाने मोडले तो माणूस नव्या कोऱ्या मालाकडे न वळता मोडलेल्याच वस्तूंकडे वळतो, ही गोष्ट दोघांत सारखी आहे. आम्ही याला योगायोग म्हणणार नाही. नवी वीट मुकी असते. फुटक्या बांगडीला मात्र ती कोणाच्या तरी हातात होती हे सांगावे लागत नाही.

चंडीगडची हकीगत पुढे निराळी झाली, याचे श्रेय काही अंशी सरकारलाच द्यावे लागते. १९७० नंतरच्या वर्षांत हे बेकायदा गाव अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले तेव्हा ते बाराएक एकरांत पसरले होते. नियमाप्रमाणे ते पाडावयास हवे होते, आणि निरीक्षकाची नोकरीही जावयास हवी होती. तसे झाले नाही. २४ जानेवारी १९७६ रोजी बाग लोकांस खुली झाली. नेक चंद यांना पगार, हाताखाली पन्नास मजूर आणि बागेपुरते अभियंत्याचे पद मिळाले. १९८४ साली पद्मश्री आली. वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या संग्रहालयातही त्यांनी अशी एक बाग उभारून दिली.

एवढ्याने मात्र ते गाव सुरक्षित झाले नाही. १९९० साली रस्त्यासाठी बुलडोझर आणले गेले, तेव्हा शहरातले लोक येऊन त्यांच्यापुढे उभे राहिले आणि यंत्रे परत गेली. उभे राहणाऱ्यांपैकी पुष्कळांची घरे, त्यांची नसली तर त्यांच्या वडिलांची, रावीपलीकडे राहिलेली होती, हे ध्यानात घ्यावे. १९९६ साली नेक चंद परदेशी असताना बागेतल्या अनेक मूर्तींची तोडफोड झाली. परतल्यावर त्यांनी सत्तरी ओलांडलेल्या वयात दुरुस्तीस हात घातला. १२ जून २०१५ रोजी ते चंडीगड येथे वारले. पुढल्याच वर्षी युनेस्कोने शेजारच्या कॉर्ब्युझिए यांच्या सचिवालय, विधानभवन व उच्च न्यायालयाच्या वास्तूंना जागतिक वारशाच्या यादीत घातले. बागेचे नाव त्या यादीत नाही. २०२५ च्या आरंभी याच न्यायालयाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी आणि मोटारी उभ्या करण्याच्या जागेसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. नागरिक पुन्हा तेथे जमले. या वेळी यंत्रे थांबली नाहीत.