हृदयझडप शस्त्रक्रियेनंतरची देखभाल

हृदयाची झडप दुरुस्त केल्यावर किंवा बदलल्यावर घ्यायची काळजी. भारतात बालपणीचा संधिवाती ज्वर हे झडपा बिघडण्याचे मोठे कारण असल्याने अनेक रुग्ण ऐन कमावत्या वयाचे असतात. बेळगावात ही शस्त्रक्रिया नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयात होते. त्यामुळे तिथल्याच वडगाव, शहापूर भागातील विणकराला दूर जावे लागत नाही. छातीचे मधले हाड जुळायला सुमारे 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर वजन उचलू नये. हातमागावर खांद्यांना सतत ओढ बसते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावरच मागावर बसावे.

धातूची झडप (उदा., तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली, 1990 मध्ये प्रथम बसवलेली चित्रा झडप) असल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी (वॉरफरिन) जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती सोडणे जिवावर बेतते : झडपेवर गुठळी धरते, पक्षाघात होतो. रक्त किती पातळ आहे हे दाखवणारी आयएनआर ही रक्ततपासणी नियमित हवी. महाधमनी झडपेसाठी हा आकडा साधारण 2 ते 3, द्विदली झडपेसाठी 2.5 ते 3.5 ठेवतात. ही गोळी चालू असताना मेथी-पालक वर्ज्य नाही, फक्त त्यांचे प्रमाण रोज सारखे असावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याआधीच सल्ला घ्यावा, कारण वॉरफरिनने गर्भाला अपाय होऊ शकतो. दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे. न उतरणारा ताप आल्यास झडपेच्या संसर्गाची शंका धरून त्वरित रुग्णालय गाठावे. संधिवाती ज्वराच्या रुग्णाला पेनिसिलिनची इंजेक्शने शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवावी लागतात.