खाचराचा बांध कोणी घातला?

नाशिकच्या द्वारका चौकातून महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघालो की घोटी-इगतपुरीकडे भाताची खाचरं लागतात. पावसाळ्यात लोक गाडी थांबवून फोटो काढतात. आम्हाला मात्र प्रश्न पडतो: या उतारावर शेत आलं कुठून?

डोंगराला पायऱ्या माणसांनी पाडल्या. उतार खणला, दगड रचून बांध घातले, त्यामागे माती धरली आणि वरच्या खाचरातलं जादा पाणी खालच्यात उतरवलं. उन्हाळ्यात शेण, पाला, काटक्या पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात बी पेरायचं, तीन-चार आठवड्यांनी रोपं काढून चिखलात आवणी करायची. आवणीला दिवसभर वाकलेल्या असतात त्या बहुतेक बायाच. बांध फुटला की पुन्हा दगड रचायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच.

एवढे श्रम ज्यांचे, कागदावर नाव मात्र भलत्याचंच! १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगलावर ताबा घट्ट केला, तेव्हा राबाचा पालाही अडला. घाटाखाली कोकणात खोत बसला होता. सरकार आणि कूळ यांच्यामधला हा वसुलीदार पिकाचा वाटा नेई, वर वेठही घेई. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरीत १९३३ पासून शेतकऱ्यांनी दीर्घ संप केला.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कुळांत कुणबी, आगरी, महार सगळेच होते. बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. पुढे नाशिक जिल्ह्याचेच दादासाहेब गायकवाड भूमिहीनांच्या सत्याग्रहासाठी उभे राहिले. १९६४-६५ मध्ये देशभर लाखोंनी अटक करून घेतली.

प्रश्न मिटला का? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून आदिवासी शेतकरी पायी मुंबईला गेले. त्यांची एक मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची होती. म्हणजे कसणाऱ्याला आपलं शेत आपलं आहे हे अजून सिद्ध करावं लागतं.

मित्रांनो, खोतीविरुद्धचा लढा आपला, तसाच वनहक्काचा लढाही आपलाच. आपल्या भागातले वनहक्काचे दावे कुठे अडलेत ते विचारा, ग्रामसभेत बसा, पट्ट्यावर आवणी करणाऱ्या बाईचंही नाव लागलंय का ते पाहा. बांध ज्याने घातला, जमीन त्याची.

जय भीम!