पहिल्या वर्षाचें ऋण

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत वर्षांचा हिशेब मांडण्याची रीत आहे. अमुक सालीं कोनशिला बसली, अमुक सालीं घंटा आली, अमुक सालीं शाळा निघाली, अशा नोंदी आपण आदरानें वाचतों. परंतु कोणतेंही सामुदायिक कार्य ज्यांनीं आरंभापासून पाहिलें आहे ते जाणतात कीं, सर्व वर्षें सारख्या वजनाचीं नसतात. पहिलें वर्ष सर्वांत जड. त्या वर्षीं गांठीं पैसा नसतो, नांव झालेलें नसतें, जागा परक्याची असते, आणि आज आलेला सोबती उद्यां येईल याची शाश्वति नसते. गायनमंडळ असो, बँड असो कीं नाटकमंडळी असो, मोडावयाची ती बहुधा याच वर्षीं मोडते.

आमच्या तरुणांच्या हातीं आतां गिटार व ड्रम आले आहेत. त्यांच्या व त्यांच्या वडीलमंडळींच्या विचारार्थ एका जगप्रसिद्ध रॉक बँडच्या पहिल्या वर्षाचा वृत्तांत येथें देत आहों. हा बँड म्हणजे इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदराचा ‘बीटल्स’ होय. त्यांच्या कीर्तीची कथा सर्वश्रुत आहे. ती पुन्हा सांगण्याचें प्रयोजन नाहीं. १९६० च्या ऑगस्टपासून पुढील एक वर्ष हीं मुलें तगलीं कशीं, आणि कोणाच्या आधारानें, एवढेंच पाहावयाचें आहे.

आरंभ चर्चच्या आवारांत झाला. १९५७ च्या ६ जुलै रोजीं लिव्हरपूलच्या वूल्टन उपनगरांत सेंट पीटर या अँग्लिकन चर्चचा वार्षिक मेळा भरला होता. तेथें सोळा वर्षांचा जॉन लेनन आपल्या शाळासोबत्यांसह वाजवीत होता, आणि त्याच दिवशीं पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशीं त्याची ओळख झाली. पुढल्या वर्षीं जॉर्ज हॅरिसन हा त्यांहून लहान मुलगा येऊन मिळाला. १९६० च्या जानेवारींत स्टुअर्ट सटक्लिफ हा कलाशाळेचा विद्यार्थी आला. प्रदर्शनांत मांडलेलें आपलें एक चित्र विकून आलेल्या पैशांतून त्यानें बेस गिटार घेतली. ती वाजविणें मात्र त्यास अजून शिकावयाचें होतें. चौघांच्या हातीं तारांचीं वाद्यें, पण ताल धरणारा कोणी नाहीं, अशी त्यांची स्थिति होती.

त्या वर्षींच्या मे महिन्यांत एका गायकाच्या साथीस त्यांना स्कॉटलंडचा आठवड्याभराचा दौरा मिळाला. ड्रम वाजविण्यास टॉमी मूर नांवाचा, बाटल्यांच्या कारखान्यांत काम करणारा, वयानें बराच मोठा गृहस्थ मिळाला. वाटेंत त्यांची मोटारगाडी दुसऱ्या गाडीवर आदळली, आणि सामानाचा मार बसून मूरचे दांत हालले. तशाही स्थितींत त्या रात्रीं त्यानें वाजविलें. परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्यानें बँडची संगत सोडून कारखान्याची वाट धरली. त्यास दोष कोण देईल? पोट सर्वांस आहे.

ऑगस्टांत अॅलन विल्यम्स या कॉफीगृहाच्या मालकानें जर्मनींतील हांबुर्ग बंदरांतून बोलावणें आणलें. तेथील क्लबमालक ब्रूनो कोशमिडर यास पांच वादक हवे होते. ऐन वेळीं पीट बेस्ट या तरुणाची परीक्षा घेऊन त्यास ड्रमवर बसविण्यांत आलें. आपल्या वाचकांस कौतुक वाटेल अशी गोष्ट ही कीं, हा पीट १९४१ सालीं मद्रासेंत जन्मला, व त्याची आई मोना दिल्लीस जन्मलेली. १९४५ च्या नाताळच्या दिवशीं हें कुटुंब हिंदुस्थानांतून जहाजानें लिव्हरपूलच्या धक्क्यास लागलें होतें.

घरोघरीं परवानगीचा प्रश्न उभा राहिला. लेननला लहानाचा मोठा करणाऱ्या मिमी मावशीस हा नाद मुळींच पसंत नव्हता. मॅकार्टनीची आई १९५६ सालींच निवर्तली होती. त्याचे वडील जिम कापसाच्या व्यापारांत विक्रेते होते. त्यांस काळजी होती, परंतु तरुणपणीं त्यांनीं स्वतः नाचाच्या वाद्यवृंदाचें पुढारपण केलें असल्यामुळें अखेर त्यांनीं संमति दिली. हॅरिसन तर अवघा सतरा वर्षांचा. त्याच्या आईनें घरीं भाजलेल्या गोड पावांचा डबा त्याच्या हातीं दिला.

ऑगस्टच्या १६ तारखेस हीं मुलें एका लहान मोटारींत दाटीवाटीनें बसून निघालीं, व हॉलंडमार्गें दुसऱ्या दिवशीं हांबुर्गास पोंचलीं. ज्या रस्त्यावर त्यांस वाजवावयाचें होतें त्याचें नांव ‘ग्रोसे फ्रायहाइट’, म्हणजे मोठें स्वातंत्र्य. हें नांव चैनीवरून पडलेलें नाहीं. शेजारच्या लूथरपंथी हांबुर्ग शहरांत कॅथोलिकांस उघडपणें उपासना करण्याची मुभा नव्हती. परंतु आल्टोना गांवच्या या भागांत सतराव्या शतकाच्या आरंभीं तेथील सत्ताधीशानें इतर पंथीयांस धर्माचें व धंद्याचें स्वातंत्र्य दिलें. त्याच रस्त्यावर अठराव्या शतकांत कॅथोलिकांनीं सेंट जोसेफचें मंदिर बांधलें. दुसऱ्या महायुद्धांत बाँबहल्ल्यानें तें उद्ध्वस्त झालें आणि १९५० नंतरच्या दशकांत पुन्हा उभें राहिलें. १९६० सालीं त्याच्या आजूबाजूस दारूचे गुत्ते आणि नग्ननृत्याचे अड्डे दाटले होते. श्रद्धेसाठीं मिळालेल्या स्वातंत्र्याच्या रस्त्याला पुढें कोणकोणते शेजारी लाभले, हें पाहून मन खिन्न होतें खरें. तथापि घंटा तेथें अजूनही वाजते.

या रस्त्यावरील ‘इंद्रा’ क्लबांत करार असा होता : प्रत्येकास दिवसाला तीस मार्क, म्हणजे त्या वेळचे सुमारें अडीच पौंड, इतर दिवशीं साडेचार तास, व शनिवारीं आणि रविवारीं सहा तास वाजविणें. आठवड्याचा हिशेब तीस तासांहून कमी येत नाहीं. राहण्यास ‘बाम्बी किनो’ या जुनाट सिनेमागृहाच्या पडद्यामागील अंधाऱ्या खोल्या, शौचकूपांस लागून. शेगडी नाहीं, खिडकी नाहीं, आणि तोंड धुण्यास तेथलेंच गार पाणी. रात्रीं दोन वाजतां वाजविणें संपवून निजावें, तों दुपारीं चित्रपटाच्या आवाजानें जाग यावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. घरीं असतां हीं मुलें तासाभराचा कार्यक्रम करीत, व त्यास पुरतील इतकींच गाणीं त्यांस चांगलीं येत. आतां एका रात्रींत चार, पांच, सहा तास उभें राहावयाचें! तींच तीं गाणीं फिरून वाजविल्यास गिऱ्हाईक उठून जाई आणि मालक ‘माख शाउ’, म्हणजे कांहीं तमाशा करून दाखवा, असें ओरडे. तेव्हां प्रत्येक गाणें लांबविणें, रोज नवें बसविणें, दमलेल्याचा भार दुसऱ्यानें उचलणें, हें प्राप्तच झालें. कोणाही गुरूनें लावली नसती एवढी शिस्त त्या करारानें लावली. जागरणें सोसण्यासाठीं त्यांनीं बिअरचा व उत्तेजक गोळ्यांचाही आश्रय केला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि तें अनुकरणीय नाहीं, हें सांगावयास नको.

सात आठवड्यांनीं आवाजाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी होऊन ‘इंद्रा’मधील वादन थांबलें, व ४ ऑक्टोबरपासून हीं मुलें त्याच मालकाच्या ‘कायझरकेलर’ क्लबांत वाजवूं लागलीं. तेथें लिव्हरपूलचाच रोरी स्टॉर्मचा बँड त्यांच्याशीं आळीपाळीनें वाजवी. त्यांत ड्रमवर रिंगो स्टार होता. दोन बँडांच्या चढाओढींत दोघांचाही हात सुधारला.

नोव्हेंबरांत सर्व डोलारा कोसळला. अधिक पगाराच्या आशेनें मुलांनीं ‘टॉप टेन’ या दुसऱ्या क्लबाशीं संधान बांधलें, आणि कोशमिडरचा रोष ओढवून घेतला. अठरा वर्षांखालील मुलानें रात्रीं उशिरा अशा जागीं राहूं नये, असा तेथील कायदा. हॅरिसन अल्पवयी असल्याचें अधिकाऱ्यांपुढें आलें, व २१ नोव्हेंबरला त्यास एकट्यानें देशाबाहेर जावें लागलें. महिनाअखेर मॅकार्टनी व बेस्ट आपलें सामान आणावयास गेले असतां उजेडासाठीं त्यांनीं भिंतीवर एक वस्तु पेटवून टांगली. भिंत किंचित् काळवंडली, एवढेंच. पण मालकानें जाळपोळीची फिर्याद केली, आणि दोघांस पकडून परत धाडण्यांत आलें. लेनन १० डिसेंबरला आगगाडीनें निघाला. सटक्लिफ तेथेंच राहिला. पांच जण एका गाडींतून गेले होते. परतले ते वेगवेगळे, रिकाम्या हातांनीं.

पुढील आठवडा हाच माझ्या मतें या साऱ्या कथेचा गाभा होय. लेनन घरीं येऊन कांहीं दिवस कोणासच भेटला नाहीं. हा धंदा पुढें चालवावा कीं नाहीं, याचाच तो विचार करीत होता. इतर परतले आहेत हें हॅरिसनला ठाऊकही नव्हतें. मॅकार्टनीच्या वडिलांनीं त्यास नोकरी पाहावयास सांगितलें. भांडण नाहीं, निरोप नाहीं, ठराव नाहीं. असा हा बँड त्या आठवड्यांत निमूटपणें संपूं शकला असता. बहुतेक मंडळ्या अशाच संपतात.

तो संपला नाहीं, कारण एक दार उघडें होतें. पीटची आई मोना बेस्ट हिनें १९५९ च्या ऑगस्टांत आपल्या घराच्या तळघरांत तरुणांसाठीं ‘कॅस्बा’ हा क्लब काढला होता. तें घर घोड्यांच्या शर्यतींत लागलेल्या पैजेंतून घेतलें, असें सांगतात. पैजेचें समर्थन येथें कर्तव्य नाहीं. लेनन, मॅकार्टनी व हॅरिसन यांनीं त्या तळघराच्या भिंती रंगविल्या होत्या, आणि दोनच महिन्यांत एका सोबत्यास न वाजवितां दिलेल्या पंधरा शिलिंगांवरून रुसून तें सोडलेंही होतें. बाईनें तो रुसवा मनांत धरला नाहीं. हांबुर्गास अडकून पडलेलीं वाद्यें परत आणविण्याच्या खटपटींत तिचा हात होता, आणि १७ डिसेंबर १९६० रोजीं तिच्याच तळघरांत बँड पुन्हा उभा राहिला. सटक्लिफच्या जागीं बेस गिटार कोण घेणार? पीटचा जुना सोबती चॅस न्यूबी हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी नाताळच्या सुटींत घरीं आला होता. तो चार कार्यक्रमांपुरता उभा राहिला, व सुटी संपतांच पुन्हा अभ्यासास गेला.

या चारांपैकीं एक कार्यक्रम २७ डिसेंबरला लिदरलंडच्या टाउन हॉलमध्यें झाला. मोबदला सहा पौंड. जाहिरातींत ‘थेट हांबुर्गहून’ असें छापलेलें असल्यामुळें हीं मुलें जर्मन आहेत असें पुष्कळांस वाटलें! पहिलेंच गाणें सुरू होतांच नाचणारी मंडळी नाच सोडून व्यासपीठाकडे धांवली. चार महिन्यांहून अधिक काळापूर्वीं निघालेलीं मुलें व हीं मुलें यांत केवढें अंतर पडलें होतें, हें त्यांचें त्यांसही त्या रात्रींच कळलें.

तरीही पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. मॅकार्टनी एका विद्युत्-साहित्याच्या कारखान्यांत तारेचीं वेटोळीं गुंडाळण्याच्या कामावर लागला. ९ फेब्रुवारी १९६१ रोजीं मॅथ्यू स्ट्रीटवरील ‘कॅव्हर्न’ या तळघरांत बँडला दुपारच्या सुटींतला पहिला कार्यक्रम मिळाला. सर्वांस मिळून पांच पौंड. नोकरी धरावी कीं बँड, हा प्रश्न त्याच्यापुढें त्या महिन्यांत होता, आणि महिनाअखेरीस त्यानें नोकरी सोडली. त्याच महिन्यांत हॅरिसनला अठरावें वर्ष पूर्ण झालें, व हांबुर्गचें दार पुन्हा उघडलें. १ एप्रिलपासून तीन महिने ‘टॉप टेन’मध्यें एऱ्हवीं रोज सात व शनिवार-रविवारीं आठ तास, तासामागें पंधरा मिनिटें विश्रांति, असा क्रम चालला. तेथेंच सटक्लिफनें चित्रकलेसाठीं बँड सोडला. बेस गिटार मॅकार्टनीकडे आली. जूनमध्यें टोनी शेरिडन या गायकास साथ देत त्यांचें पहिलें व्यावसायिक ध्वनिमुद्रण झालें. जुलैंत ते घरीं परतले. वर्ष पुरें होत आलें, आणि बँड उभा होता.

आतां हिशेब पाहा. बँड तरला; परंतु ज्यांनीं तो तारला ते सर्व त्याच्या वैभवांत नव्हते. सटक्लिफ १० एप्रिल १९६२ रोजीं हांबुर्गास मेंदूंतील रक्तस्रावानें वारला. वय अवघें एकवीस. मोना बेस्टचा क्लब त्याच वर्षीं जूनमध्यें बंद झाला. १६ ऑगस्ट १९६२ रोजीं, म्हणजे हांबुर्गास प्रयाण केल्यापासून बरोबर दोन वर्षांनीं, पीट बेस्टला बँडमधून काढल्याचें सांगण्यांत आलें, व त्याच्या जागीं रिंगो स्टार बसला. न्यूबी पुढें शिक्षक झाला. जगानें ज्या चौघांचीं चित्रें भिंतींवर लावलीं, त्यांत टॉमी मूर नाहीं, सटक्लिफ नाहीं, बेस्ट नाहीं, न्यूबी नाहीं. दार उघडणारी ती बाई तर कोणत्याच चित्रांत नाहीं.

यावरून तरुणांनीं घ्यावयाचा बोध उघड आहे. पहिल्या वर्षीं कौशल्यापेक्षां रोजचा ठरलेला तास अधिक उपयोगी पडतो, आणि मोडण्याच्या आठवड्यांत कोणीतरी पुन्हा एकत्र बोलवावें लागतें. वडीलमंडळींस विनंति इतकीच कीं, मुलांचा नाद पसंत नसला तरी घराचें दार लावूं नये. आणि ज्युबिलीचीं पुस्तकें लिहिणाऱ्या आम्हां सर्वांस विनंति ही कीं, जे अखेरपर्यंत टिकले त्यांचीं नांवें लिहितांना, पहिल्या वर्षीं चार दिवस खांदा देऊन जे निघून गेले त्यांचींही नांवें शोधून काढावींत. तें ऋण फेडतां येत नाहीं. परंतु नोंदवितां येतें.