घटत्या शिलकेचा टीव्ही

आमच्या घराण्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. पूर्वजांनी लढाया केल्या नाहीत, किल्ले घेतले नाहीत, आणि एखादा घेतलाच असता तर तो सावकाराकडे गहाण पडला असता. पण दिल्लीच्या तख्तावर जशा राजवटी बदलल्या, तशा आमच्या घरात टीव्हीच्या जागेवर बदलल्या, आणि त्या मी स्वतः पाहिल्या. मी बँकेत कारकून, शिक्षण बी.कॉम. तेव्हा हा इतिहास सनावळ्या आणि आकडे देऊनच लिहिला जाईल. वाचकांनी घाबरू नये. ताळेबंद शेवटी जुळतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. दिल्लीहून मुंबईला पोचायला त्याला तेरा वर्षं लागली. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि मुंबईची चित्रं पुण्यात दिसू लागली. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली जिवावर उदार होऊन घेतलेल्या गडाकडे आता सारं पुणं अँटेना रोखून बसलं. नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत मात्र टीव्ही आला तो १९८३च्या दसऱ्याला. कारण आमचे आण्णा कुठलीही नवी गोष्ट दहा वर्षं टिकते का, ते पाहून मगच विकत घेत.

मी तेव्हा चार वर्षांचा. त्यामुळे त्या दिवसाबद्दलची माझी साक्ष कोर्टात टिकणार नाही. पण किंमत पक्की सांगतो, कारण ती आण्णांच्या वहीत आहे : ३,२०० रुपये, पैकी दोन हजार पतपेढीचं कर्ज. वीस इंची, काळा-पांढरा, लाकडी कपाटातला, चार पायांचा आणि पुढे सरकतं शटर असलेला. शटरला कुलूप. किल्ली हळदीच्या डब्यामागे. शिवाय टपाल कचेरीत वर्षाला पन्नास रुपये भरून काढायचं लायसन. १९८४ साली सरकारने ते लायसनच रद्द केलं. पण आण्णांनी पुस्तक जपून ठेवलं. सरकारचा काय भरवसा, उद्या परत मागितलं तर?

आता कोणी विचारील, १५ ऑगस्ट १९८२लाच देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं, त्याच नोव्हेंबरात एशियाड रंगीत दिसलं होतं, मग १९८३ साली काळा-पांढरा का? यावर आण्णांचं उत्तर तयार असे. "मला टीव्ही लागतो क्रिकेटसाठी. क्रिकेटवाले पांढरे कपडे घालतात. ते काळ्या-पांढऱ्यातही पांढरेच दिसतात. मग रंगाचे पैसे कशाला भरायचे?" पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाशी वाद घालणं सोपं नसतं.

आईच्या समाधानासाठी पुढे काचेवर एक तिरंगी प्लॅस्टिकचा कागद बसवला. वर निळा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा. समुद्र किंवा शेत दिसलं की बरं वाटे. पण बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस निळे, नाक गुलाबी आणि हनुवटी हिरवी दिसायची. बातमी कितीही गंभीर असली तरी आम्ही पोरं हसायचो.

वारा सुटला की अँटेना फिरायचा. मग आण्णा कौलांवर, वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आणि आई टीव्हीसमोर अशी साखळी उभी राही. "दिसतंय का?" "ते विचारतायत, दिसतंय का?" "आलं, आलं! तिथंच थांबा म्हणावं!" हा निरोप वर पोचेपर्यंत आण्णांनी नळी आणखी वळवलेली असायची. सिंहगडापासून आमच्या कौलांपर्यंत चित्र क्षणात यायचं. आईपासून आण्णांपर्यंत शब्द पोचायला तीन मिनिटं लागायची.

वाड्यात टीव्ही एकच. त्यामुळे शनिवारचा मराठी सिनेमा आणि रविवारचा हिंदी सिनेमा ही सार्वजनिक पूजाच. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं बसायची, उंबऱ्यात बसायची, खिडकीच्या गजांना लटकायची. एका रविवारी मी दाराबाहेरच्या चपला मोजल्या होत्या. अठ्ठावीस जोड आणि एक एकटी चप्पल. ती कोणाची, याचा उलगडा अजून झालेला नाही. पण हिशेब करू : वीस इंचांना अठ्ठावीस माणसं, म्हणजे दर इंची प्रेक्षक एक पूर्णांक चार दशांश. हा आकडा लक्षात ठेवा.

२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं, तेव्हा तर दर रविवारी सकाळी आई अंघोळ करून शटरला हळदकुंकू वाही आणि उदबत्ती लावी. एकदा उदबत्ती कलंडली आणि उजव्या कोपऱ्यात लाकडावर रुपयाएवढा काळा डाग पडला. आण्णा चिडले नाहीत. इतर वेळी चहाच्या कपाचा ठसा दिसला तरी ते घर डोक्यावर घेत.

पुढे आण्णांच्या सिद्धांताला तडा गेला तो थेट ऑस्ट्रेलियातून. १९९२च्या विश्वचषकात क्रिकेटवाल्यांनीच रंगीत कपडे घातले! दोन्ही संघ आमच्या पडद्यावर सारखेच करडे दिसू लागले. बॅट हातात असेल तो फलंदाज, एवढंच कळे. तरी आण्णांनी आणखी चार वर्षं किल्ला लढवला. एव्हाना वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांत रंगीत टीव्ही आले होते, केबलची काळी वायर गॅलरीतून गॅलरीत उड्या मारत होती, आणि आमच्या दाराबाहेर चपला उरल्या होत्या फक्त आमच्या. मला वाटतं, आण्णा हरले ते रंगाला नाही, त्या रिकाम्या उंबऱ्याला.

१९९६चा विश्वचषक जवळ आला आणि दुकानदारांनी 'जुना द्या, नवा घ्या' सुरू केलं. मी अकरावी कॉमर्सला होतो. घसारा हा विषय नुकताच शिकलो होतो आणि तो कोणावर तरी वापरून पाहण्यासाठी हात शिवशिवत होते. मी आण्णांसमोर कागद ठेवला. "घटत्या शिलकेची पद्धत. दर साल पंधरा टक्के. तेरा वर्षांनी आपल्या टीव्हीची किंमत ३८७ रुपये. दुकानदार देतोय दीड हजार. निव्वळ नफा १,११३."

आण्णांनी कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, "यात रामायण धरलंस का?"

तेव्हा मी हसलो होतो. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, हजारो खाती पाहिली. त्या प्रश्नाचा खतावणीत कुठे खर्च टाकायचा ते अजून कळलेलं नाही.

आदल्या रात्री आण्णांनी शटरला तेल लावून लाकूड चकचकीत केलं. काळा डाग तेवढा तसाच ठेवला. सकाळी हातगाडीवरून टीव्ही निघाला. आण्णा एका बाजूने हात लावून चालत होते आणि मी मागून. बघणाऱ्यांना वेगळीच शंका आली असावी. लक्ष्मी रोडवरच्या त्या दुकानामागे जुने टीव्ही पाठमोरे एकावर एक रचून ठेवले होते. दुकानातल्या पोराने आमचाही उचलला आणि तिथे टाकला.

"अहो, चालू आहे तो," आण्णा म्हणाले. "लावून तरी बघा."

"गरज नाही काका. खोकं आलं की झालं."

आण्णांनी पंधरा हजारांच्या नव्या टीव्हीची पावती घडी करून खिशात ठेवली. घरापर्यंत बोलले नाहीत. वाड्याच्या दिंडी दरवाजात थांबून एवढंच म्हणाले, "निदान लावून बघायला हवा होता रे."

दुसरी राजवट अशी सुरू झाली. एकवीस इंची, रंगीत. पहिल्याच आठवड्यात, १३ मार्चला, कोलकात्याच्या मैदानावर बाटल्या पडल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. तो सामना बघायला आम्ही सात जण होतो. दर इंची प्रेक्षक ०.३३.

२००३ साली वाडा पडला आणि आम्ही फ्लॅटमध्ये गेलो. माणूस फ्लॅटमध्ये गेल्यावर टीव्हीने फुगीर राहणं बरं दिसत नाही, म्हणून २०११च्या विश्वचषकाला मी बँकेतून उचल घेऊन बत्तीस इंची फ्लॅट टीव्ही आणला. जुना आई-आण्णांच्या खोलीत गेला. नव्यासमोर बसायला आम्ही चौघं. दर इंची ०.१२५. त्यातच पुण्यात केबलला डिजिटल डबा बसवण्याची मुदत आली ३१ मार्च २०१३. बँकेच्या माणसाला वर्षअखेरीच्या रात्री घरून फोन यावा की टीव्ही काळा पडलाय, याहून मोठा सूड सरकार उगवू शकत नाही.

ही तिसरी राजवट सात वर्षांत संपली. पडदा गेला, आणि दुरुस्तीवाला म्हणाला की नवाच घ्या. पण बायको, मुलगी आणि मी एव्हाना आपापल्या मोबाईलमध्ये स्थायिक झालो होतो. मग १९९६चा टीव्ही पदच्युत राजासारखा हॉलमधल्या गादीवर परत आला. त्याच वर्षी आण्णा गेले.

२८ मार्च २०२०ला, टाळेबंदीत, 'रामायण' पुन्हा लागलं. आई अंघोळ करून, नऊवारी नेसून टीव्हीपुढे बसली. बँक अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे मी बूट घालत होतो. आईने एकदा बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "पहिल्यांदाच असं झालं बघ. कोणी आलं नाही." मी काय बोलणार? रामायण आणि एकच माणूस. दर इंची किती, ते मी त्या दिवशी काढलं नाही.

गेल्या काही वर्षांत त्या टीव्हीचे रंग उतरत गेले आणि सगळी माणसं हिरवी दिसू लागली. तिरंगी कागदाने सुरू झालेली कथा तिथेच परत आली. तो दुरुस्त करणारे जवळपास उरले नव्हते. २०२४च्या दिवाळीत मी त्रेचाळीस इंची घेतला. जुन्याची किंमत जुन्या सवयीने काढली : १५,००० रुपये, अठ्ठावीस वर्षं, पंधरा टक्के. आली १५८. भंगारवाल्याने दीडशे सांगितले. शास्त्र आठ रुपयांनी चुकलं. पण पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती अशी फोडून टाकायची नसते. म्हणून दुकानामार्फत ई-कचऱ्यात द्यायचं ठरलं.

नवा बसवायला बाविशीचा एक पोरगा आला. जुना उचलायला वाकला, तशी आई म्हणाली, "चालू आहे हो तो. लावून तरी बघा."

माझ्या पोटात गोळा आला. पण त्या पोराने मान डोलावली, प्लग लावला, बटण दाबलं. हिरव्या बाई बातम्या सांगू लागल्या. त्याने असला टीव्ही जवळून पाहिलेला नसावा. काचेजवळ हात नेला तर मनगटावरचे केस उभे राहिले. तो हसायलाच लागला. "आजी, अजून करंट आहे की याच्यात!"

"आहे ना!" आई म्हणाली. मग पदराने वरची धूळ पुसली. "आता न्या."

खोकी बाहेर काढताना दार उघडं राहिलं. नवा टीव्ही लागला तशी वॉचमनची दोन पोरं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मी दार लावणार, तोच आई म्हणाली, "आत या रे. चपला तिकडे काढा." त्यांना बोलवायला त्यांची आई आली, तीही टेकली. टीव्ही बसवणारा चहासाठी थांबला. बायको स्वयंपाकघरातून आली. मुलीने मोबाईलमधून डोकं वर काढलं. मी मोजलं : आठ. त्रेचाळीसला आठ, म्हणजे दर इंची ०.१९. २०११ला मागे टाकलं. घटत्या शिलकेच्या पद्धतीत किंमत कितीही उतरली तरी कधी शून्य होत नाही, हे मी अकरावीत पाठ केलं होतं. वाढतेही, हे पुस्तकात नव्हतं.

सगळे गेल्यावर बाहेर पाहिलं, तर माझी डावी चप्पल नाहीशी होती आणि जागी भलत्याच मापाची एक पडली होती. मी ओरडलो. आई आतून शांतपणे म्हणाली, "असू दे. येईल तो परत बदलायला. तेव्हा बसव म्हणावं जरा वेळ."