स्वतंत्रपूरची भाकरी

मे महिन्याची सुट्टी लागली, की आपल्या धर्मग्रामांतून सहलींच्या गाड्या निघू लागतात. कोणी वेलंकणीला जाते, कोणी जुन्या गोव्याला. देवदर्शन, हवापालट आणि परमुलखाची चव हे सहलीचे तीन हेतू. या तिन्हींसाठी सांगली जिल्ह्यातील आटपाडीला जावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो दुष्काळी माणदेश. मात्र ज्या घरात रोज रात्री ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हटले जाते, त्या घरातील मुलांना घेऊन एकदा तरी पाहावा असा तो मुलूख आहे.

विट्याहून भिवघाटमार्गे आटपाडीकडे निघाले, की उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि माळरान सुरू होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा भाग. माणगंगा नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. शेतीचा भरवसा नाही, म्हणून येथील माणसाने मेंढरांवर आणि खिलार जनावरांवर जीव लावला. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार बैलांचा मोठा बाजार भरतो. आटपाडीचा शेळ्यामेंढ्यांचा बाजारही दूरवर प्रसिद्ध आहे. ‘उत्तम मेंढपाळा’ची गोष्ट आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकतात; खांद्यावर घोंगडी टाकून कळपापुढे चालणारा मेंढपाळ त्यांना येथे प्रत्यक्ष दिसतो.

जेवणाचे म्हणाल तर बाजरीची भाकरी, मिरचीचा खरडा, झुणका, हुलग्याचे माडगे, शेंगोळी आणि सणावाराला मटणाचा झणझणीत रस्सा. अलीकडच्या काळात त्यात डाळिंबाची भर पडली. टँकरचे पाणी विकत घेऊन आणि ते ठिबकने थेंबाथेंबाने देऊन येथील शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या बागा जगवल्या. आता टेंभू योजनेतून उपसलेले कृष्णेचे पाणीही तालुक्यात येते. परक्याला या ताटाची मोठी मौज वाटते. परंतु हुलगा काय आणि बाजरी काय, ही कमी पाण्यावर तगणारी पिके. त्यांची चव भुकेतून जन्मलेली आहे.

या भुकेची साक्ष तालुक्याच्या तीन लेखकांनी दिली. शेटफळे येथे १९१९ साली जन्मलेले ग. दि. माडगूळकर, त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात. हे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; अनुक्रमे १९७३, १९८३ आणि १९८४ साली. एकाच दुष्काळी तालुक्याला असा मान मिळावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त मेंढपाळांची वाडी दुष्काळापायी ओस पडते. खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात गावकीची कामे करणाऱ्या महार कुटुंबाचे जिणे आहे. त्या घरची भाकरी कष्टाची असूनही गाव ती उपकार म्हणून वाढत असे.

भाकरीच्या या इतिहासातील सर्वांत विलक्षण पान मात्र आटपाडीजवळच्या माळावर लिहिले गेले. त्या काळी आटपाडी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हे औंधला आले. वॉर्सात ज्यू कुटुंबात जन्मलेले हे अभियंते भारतात येऊन संन्यस्त वृत्तीने राहू लागले होते. बंदिवानांना कोठडीत न डांबता मोकळ्या रानात, स्वतःच्या कुटुंबासह राहू द्यावे, ही कल्पना त्यांनी मांडली. राजेसाहेबांनी ती उचलून धरली आणि ‘स्वतंत्रपूर’ वसले.

त्याला ना तट, ना बेड्या. बंदिवानाने जमीन कसावी, पीक काढावे आणि संध्याकाळी आपल्या बायकोमुलांत बसून जेवावे. साऱ्या योजनेचे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. तुरुंगातही अन्न मिळते, परंतु ते शिधा म्हणून मिळते. ज्याच्या हातून रक्त सांडले, त्याच हाताने पिकवलेल्या धान्याची भाकरी त्याच्या मुलाच्या ताटात पडते, तेव्हा तो माणूस पुन्हा बाप होतो. शिक्षा चालूच असते. तुटलेले नाते मात्र सांधू लागते. संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी ही वसाहत टिकली आणि आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे.

स्वतंत्रपूरच्या या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी यांची ती कथा. त्यातील प्रार्थना आजही कित्येक शाळांत म्हटली जाते. १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेनेही आपला पुरस्कार याच चित्रपटाला दिला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. ज्यू माणसाची कल्पना, हिंदू राजाचे औदार्य आणि माणदेशी कवीची कथा. त्यात कॅथोलिक परीक्षकांना शुभवर्तमानाची खूण पटली.

अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू जी विचारणा करणार आहे, तिच्यात भुकेल्याला अन्न देणे आणि बंदिवानाची भेट घेणे या दोन्ही गोष्टी आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोममधील रेबिबिया तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. ते द्वार आपल्याही दारापासून फार दूर नाही. स्वतंत्रपूर हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तेथे राहणाऱ्यांचे दुःख हा आपल्या कुतूहलाचा विषय होऊ नये. रीतसर परवानगीवाचून आत जाण्याचा आग्रहही धरू नये. आटपाडीच्या बाजारात भाकरी-खरडा खाताना मुलांना एवढे जरी सांगितले, की येथून जवळच एका माळावर बंदिवानही आपल्या लेकरांसह जेवायला बसतो, तरी सहलीचे सार्थक होईल. त्या रात्री प्रार्थनेत रोजची भाकर मागताना, ‘आमची’ या शब्दात कोणकोण येते, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.